एका जागी दोन उंच्या: त्रिमितीय प्राचलीय आलेखांची पार्श्वभूमी

मोहम्मद अली रोडवर उभं राहून मान वर केली की जे. जे. उड्डाणपूल दिसतो. खाली रस्ता, वर रस्ता, जागा मात्र एकच. आलेख काढायची जी पद्धत आपण आधी शिकतो तिला हे झेपत नाही. तिथे एक्स आणि वाय दिले की झेड मिळतो, पण एकच. डोंगराचा उतार असा काढता येतो. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता एकाच सूत्रात बसत नाहीत, आणि साधा चेंडूही बसत नाही, कारण त्याला वरचा अर्धा भाग आहे तसा खालचाही आहे.

तोडगा नकाशावाल्यांच्या रोजच्या वापरातच होता. मुंबई साधारण १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून हे दोन कोन साइन-कोसाइनच्या तीन सूत्रांत घाला. पृथ्वीच्या केंद्रापासून मुंबई तीन दिशांना किती दूर ते मिळतं: सुमारे १,७६०, ५,७६० आणि २,०७५ किमी. आत दोन आकडे, बाहेर तीन. आत जाणाऱ्या दोघांना पुस्तकी मराठीत प्राचल म्हणतात. वर्गात मात्र सगळे पॅरामीटरच म्हणतात. झेड आता एक्स-वायवर अवलंबून राहत नाही. तिघेही यू आणि व्ही या दोन प्राचलांकडून आपापली किंमत घेतात, त्यामुळे एकाच जागेवर दोन उंच्या यायला काही हरकत उरत नाही.

गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात ही वाट वापरली होती, पण तिच्यावर वक्र पृष्ठांचा, म्हणजे चेंडूसारख्या वळलेल्या पृष्ठभागांचा, सगळा सिद्धांत उभा केला तो जर्मन गणितज्ञ गाउसने, १८२७ च्या लॅटिन प्रबंधात. त्याची अक्षरं पी आणि क्यू होती. त्याच दशकात तो हॅनोव्हरच्या राज्याची जमीन मोजत होता, आणि मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पृष्ठाच्या बाहेर न जाता पृष्ठ समजून घ्यायचं, ही दृष्टी मोजणीदाराचीच.

सूत्र होतं, पण ते डोळ्यांनी पाहायचं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकमध्ये फेलिक्स क्लाइन आणि अलेक्झांडर ब्रिल या गणितज्ञांनी विद्यार्थ्यांकडून अशा पृष्ठांचे प्लास्टरचे नमुने करून घेतले. ब्रिलच्या भावाने ते विकायला काढले आणि विद्यापीठांनी विकतही घेतले.

संगणकाच्या पडद्याची गोष्ट सुरू होते तेव्हा मुंबईही त्यात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द. १९६२ मध्ये त्याचं नामकरण पंडित नेहरूंनी केलं. त्याला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर अक्षरांबरोबर आलेखही उमटत. आता जरा हिशोब करू. आज लॅपटॉपवर ६० बाय ६० च्या जाळीने चेंडू काढला तर बिंदू ३,६००, आणि प्रत्येकाचे तीन आकडे धरून १०,८०० आकडे. टिफरॅकची सगळी स्मृती रिकामी करून दिली असती तरी २६ बाय २६ च्या पलीकडे जाळी गेली नसती, आणि मग आज्ञावली ठेवायला जागाच उरली नसती.

इतके आकडे लागतात, कारण सॉफ्टवेअर जे करतं ते मुळात आकाशकंदिलाचंच काम आहे. यू-व्हीच्या सपाट चौकटीत जाळी आखायची, तिचा प्रत्येक छेदबिंदू तीन सूत्रांतून काढून अवकाशात नेऊन ठेवायचा, शेजारचे बिंदू सरळ काड्यांनी जोडायचे आणि मधे कागद चिकटवायचा. वक्र असं कुठेच काही नसतं. जीएनयूप्लॉट या आलेख काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॅरामेट्रिक (प्राचलीय) मोड लावून चेंडू मागितला की मूळ सेटिंगमध्ये दोन्ही दिशांना दहा-दहाच रेषा असतात, आणि पडद्यावर चेंडूऐवजी माहीमच्या कंदील गल्लीतला माल येतो. नवशिक्याला वाटतं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर असतं, काड्या कमी पडलेल्या असतात.

पुढचा काळ भराभर गेला. पुढच्या भागाआड मागचा लपवण्यासाठी १९७४ मध्ये एडविन कॅटमलने पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे त्याची खोलीही साठवण्याची रीत मांडली. स्मृती महाग असताना ती उधळपट्टीच होती. जीएनयूप्लॉट १९८६ चा, मॅथेमॅटिका १९८८ चं. १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवर मॅकिंटॉशबरोबर आलेल्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा किस्सा तर चहावर सांगण्यासारखा. कंपनीने प्रकल्प बंद केला, तरी रॉन अविट्झर पगाराशिवाय, गुपचूप, कार्यालयात येत राहिला आणि काम पुरं करून मोकळा झाला.

पायथन या संगणकी भाषेत काम करणाऱ्यांचं मायावी हे सॉफ्टवेअर मात्र आपल्या पवईशी जोडलेलं. ते लिहिणारे प्रभू रामचंद्रन आयआयटी मुंबईत एअरोस्पेस शिकवतात. त्यात एक्स, वाय, झेडच्या तीन जाळ्या 'मेश' या आज्ञेला दिल्या की पृष्ठ तयार. सपाट काचेवर खोली भासवणाऱ्या वस्तूला याहून नेमकं नाव सुचलं नसतं. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे अशा मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमिती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आली, आणि आता फोनवरच अंगठ्याने पृष्ठ फिरवता येतं.

एक खोड मात्र काड्या वाढवूनही जात नाही. चेंडूच्या दोन्ही ध्रुवांशी जाळीचे चौकोन चिंचोळे होत त्रिकोण बनतात. सपाट जाळीचे सगळे चौकोन जसेच्या तसे ठेवून गोल झाकताच येत नाही. सपाट कागद ताणल्याशिवाय गोलावर बसत नाही, हे गाउसच्या त्याच प्रबंधातून निघतं. म्हणून चेंडूवर एखादं चित्र चढवलं की टोकाशी ते चुरगळतं, मग सॉफ्टवेअर फुकटचं असो की विकतचं.