मृत्युपत्राला हरकत घेण्यापूर्वी

"बाबांनी सगळं एकालाच दिलं" एवढ्या कारणावर मृत्युपत्र रद्द होत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देण्याचा हक्क मृत्युपत्र करणाऱ्याला असतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र तो आपल्या हिश्श्यापुरताच. म्हणून वाद वाटणीवर नेऊ नका, सहीवर न्या.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले हवे, किंवा "ही सही माझी" असे त्याच्या तोंडून ऐकलेले हवे. शिवाय साक्षीदारानेही आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर केलेली हवी. दोघे एकाच वेळी हजर असायलाच हवेत असे नाही. मृत्युपत्र खरे ठरवण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. फसवणूक किंवा दबाव झाला म्हणत असाल, तर ते मात्र तुम्हालाच सिद्ध करावे लागते.

नोंदणी झालेले मृत्युपत्रही आव्हान देण्याजोगे असते. करणाऱ्याच्या निधनानंतर त्याची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात कोणालाही मिळते. ती हातात आली की शेवटचे पान नीट पाहा. मजकूर आधीच असलेल्या सहीला जागा करून दिल्यासारखा आखडला आहे का? आधीच्या पानांवर सह्या आहेत का? मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, पण वापरला असेल तर खरेदीची तारीख वाचा. ती सहीच्या तारखेनंतरची निघाली तर प्रश्न तिथेच उभा राहतो. सहीच्या दिवशी मृत्युपत्र करणारा रुग्णालयात होता का, हे केसपेपरवरून कळते.

प्रोबेटचा (मृत्युपत्र खरे असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा) अर्ज दाखल झाला की वारसांना सायटेशन (कोर्टाची नोटीस) येते. त्यातल्या मुदतीत कॅव्हेट (हरकतीची लेखी नोंद) आणि त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र, दोन्ही दाखल करा. नुसते कॅव्हेट टाकून प्रतिज्ञापत्र राहिले की हरकत फेटाळली जाते. हरकत टिकली तर अर्जाचा दावा होतो आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. याहून मोठी चूक म्हणजे "नुसती औपचारिकता आहे" म्हणून पुढे केलेल्या, प्रोबेटला संमती देणाऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही करणे. न वाचता करू नका. मालमत्ता मुळात कोणाची, हा प्रश्न प्रोबेट कोर्ट ठरवत नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागतो. सातबाऱ्यावरच्या फेरफाराला तलाठ्याकडे हरकत जरूर घ्या, पण फेरफाराने मालकी ठरत नाही.

मृत्युपत्र मान्य असूनही एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेली व्यक्ती) हिशेब देत नसेल, तर मार्ग निराळा. प्रोबेट मिळाल्यापासून 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि 1 वर्षात हिशेब कोर्टात देणे त्याच्यावर बंधनकारक आहे (कलम 317). कोर्ट मुदत वाढवू शकते, म्हणून आधी कोर्टाच्या फाइलमध्ये पाहा. सबळ कारणाशिवाय, जाणूनबुजून हे टाळले तर कलम 263 खाली प्रोबेट रद्द करून मागता येते. कलम 301 खाली उच्च न्यायालय त्याला दूरही करू शकते. इस्टेटमधला फ्लॅट त्याने स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने विकत घेतला असेल, तर हितसंबंधी व्यक्ती तो व्यवहार रद्द करून मागू शकते. मात्र निधनानंतर पहिल्या वर्षातच "वाटा दिला नाही" ही तक्रार टिकत नाही. कलम 337 तेवढा अवधी त्याला देते.

आमच्याकडे येताना मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची नक्कल, आलेली नोटीस तिच्या पाकिटासकट (पोहोचल्याची तारीख महत्त्वाची), उपचारांचे कागद आणि त्याच काळातल्या निर्विवाद सह्या आणा. बँकेचे चेक चालतात. पेन्शनसाठी दिलेला हयातीचा दाखला दरवर्षीचा असल्याने फार उपयोगी पडतो. मूळ कागद लॅमिनेट करू नका, हस्ताक्षर तज्ज्ञाला अडचण होते.