पॉम्पेच्या शेळ्या आणि काळाचे कायदे

मार्व्हलच्या सिनेविश्वातल्या लोकी या खोडकर देवावरच्या ‘लोकी’ मालिकेचा पहिला भाग ९ जून २०२१ रोजी आला, तेव्हा चाहत्यांनी लावून धरलेला एक प्रश्न लोकीबद्दल नव्हताच, अ‍ॅव्हेंजर्सबद्दल होता. २०१९ च्या ‘एंडगेम’ चित्रपटात ही महानायकांची मंडळी भूतकाळात जाऊन इन्फिनिटी स्टोन नावाचे अफाट शक्तीचे खडे गोळा करतात. त्या गोंधळात २०१२ सालचा लोकी हाती लागलेला टेसरॅक्ट, म्हणजे त्यातलाच एक खडा असलेला घन, घेऊन सटकतो. मालिकेत काळाची राखण करणारं टीव्हीए नावाचं खातं त्याला मंगोलियाच्या वाळवंटातून उचलतं आणि त्याच्यावर खटला भरतं. काळात खरी ढवळाढवळ अ‍ॅव्हेंजर्सनी केली, मग त्यांना का नाही धरलं, असं लोकी विचारतो. न्यायाधीश रॅव्होना सांगते की त्यांनी केलं ते व्हायचंच होतं, तू पळालास ते व्हायचं नव्हतं. विषय संपला.

टेबलाच्या खणात पडलेले इन्फिनिटी स्टोन आणि ते पेपरवेट म्हणून वापरणारे कर्मचारी बघून प्रेक्षक मनसोक्त हसले. सरकारी कचेरीची ती थट्टा कुठल्याही देशातल्या माणसाला कळते. पण रॅव्होनाचं उत्तर पुष्कळांच्या गळी उतरलं नाही. ‘एंडगेम’मध्ये सांगितलं होतं की भूतकाळ बदलत नाही, काळाला नवी फांदी फुटते. आता म्हणताय की फुटलेली फांदी आम्ही छाटतो, काही फांद्या मात्र चालतात. मग भूतकाळात जाऊन तिथेच राहिलेला, म्हातारा झालेला कॅप्टन अमेरिका ‘एंडगेम’च्या शेवटी त्या बाकावर येऊन बसला तो कुठल्या फांदीवरून? यावर तर ‘एंडगेम’च्या पटकथालेखकांनी आणि दिग्दर्शकांनीच जाहीरपणे वेगवेगळी उत्तरं दिली होती.

याला किरकिर म्हणणारे म्हणोत. काळप्रवासावर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ गेली पंच्याहत्तर वर्षं नेमका हाच हट्ट धरून बसले आहेत. त्यांच्याकडेही यंत्र नाही. गोष्ट स्वतःशीच भांडते की नाही, ही एकच कसोटी हातात आहे.

पुढच्या काळात जाण्याबद्दल मात्र वाद उरलेला नाही: वेग आणि गुरुत्वाकर्षण बदललं की घड्याळाची गती बदलते. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी चार सीझियम अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. पूर्वेकडच्या फेरीत ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते म्हणून रिक्षावाला आपल्याला योग्य गल्लीत सोडतो. यात कोणाचे आजोबा धोक्यात येत नाहीत (भूतकाळात जाऊन आजोबांना मारलं तर मारणारा नातू जन्मला कसा, हे काळप्रवासातलं नेहमीचं कोडं), त्यामुळे मालिकावाल्यांना यात रस नाही.

भानगड आहे ती मागे जाण्यात. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून एक फिरतं विश्व काढून दाखवलं. त्यात पुरेशा वेगाने लांबचा फेरा मारला तर निघालो त्याच्या आधीच परत पोचता येतं. आपलं विश्व तसं फिरत नाही, पण समीकरणं नाही म्हणत नाहीत, ही अडचण राहिलीच. मग १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्महोलचा, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याचा, मार्ग सुचवला. वर्महोलचं एक तोंड प्रचंड वेगाने फिरवून आणायचं, म्हणजे दोन्ही तोंडांच्या घड्याळांत फरक पडतो आणि एकात शिरलेली वस्तू दुसऱ्यातून आदल्या वेळी बाहेर येऊ शकते. असं वर्महोल उघडं ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते आणि ती एवढ्या प्रमाणात कोणाकडे नाही, हा भाग वेगळा.

यावर भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ पोल्चिन्स्कीने एक कोडं घातलं. माणूस आणि त्याचे आजोबा आणले की इच्छास्वातंत्र्याचा घोळ सुरू होतो, म्हणून त्याने बिलियर्डचा चेंडू घेतला. चेंडू वर्महोलच्या एका तोंडात जातो, दुसऱ्यातून काही क्षण आधी बाहेर येतो आणि आत शिरायला निघालेल्या स्वतःलाच धडकून बाजूला उडवतो. तो आत गेलाच नाही, तर बाहेर आला कुठून?

थॉर्नचे दोन विद्यार्थी, एचेवेरिया आणि क्लिंकहॅमर, हे गणित करायला बसले. त्यांना असं सापडलं की चेंडू बाहेर येतो तो थोड्या तिरक्या कोनात, आणि मूळ चेंडूला सणसणीत ठोकर न देता ओझरता घासून जातो. मूळ चेंडूची दिशा किंचित बदलते, पण तोंड चुकत नाही. तो तसाच तिरका आत जातो, आणि तिरका आत गेला म्हणूनच तिरका बाहेर येतो. वर्तुळ पुरं झालं, विसंगती नाही. गंमत म्हणजे अशी उत्तरं एक-दोन नाहीत, अनंत निघाली. त्यातलं निसर्ग कुठलं निवडेल, हे सांगायला समीकरण नाही.

अशी युक्ती भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी १९४९ मध्येच वापरली होती. त्यांच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतात लहरी भविष्याकडून भूतकाळाकडेही येतात, त्यामुळे अशाच एका विरोधाभासाला त्यांना तोंड द्यावं लागलं: भविष्यातून आलेला इशारा एक झडप बंद करतो, आणि झडप बंद झाली तर तो इशारा निघतच नाही. त्यांनी उत्तर दिलं की झडप पूर्ण बंद होत नाही आणि पूर्ण उघडीही राहत नाही, अर्धवट सरकते, आणि तेवढ्याने हिशोब जुळतो. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर यांनी तोच सिद्धांत सगळ्या विश्वाला लावून पाहिला. भविष्यातून येणाऱ्या लहरींवर एका मराठी माणसाने इतकं गंभीर गणित केलं आहे, हे टीव्हीएचे पंखे असलेल्या आपल्याकडच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवं.

चेंडूच्या या तत्त्वाला रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्हचं नाव मिळालं: जे विसंगत आहे ते घडतच नाही. म्हणजे रॅव्होनाचं ‘व्हायचंच होतं’ हे शुद्ध नोविकोव्ह. पण मग टीव्हीएच्या शिपायांचं काम काय? नोविकोव्हच्या विश्वात काळाला पोलीस लागत नाहीत, चुकीची गोष्ट घडूच शकत नाही.

दुसरा पक्ष फांद्यांचा. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेटने मांडलं की क्वांटम शक्यतांपैकी एक निवडली जाऊन बाकीच्या नाहीशा होत नाहीत, सगळ्याच आपापल्या जगात घडतात. मराठी वाचकाला हे अगदीच अनोळखी नाही. नारळीकरांच्या कथेतले प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा मुंबईत पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं, कारण विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निसटून गेलेली असते. एव्हरेटच्या या कल्पनेला १९९१ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइचने काळप्रवास जोडला. त्याची अट साधी आहे: यंत्रात जे शिरतं आणि आधीच्या काळात जे बाहेर येतं, त्यांची क्वांटम अवस्था एकच असली पाहिजे. आजोबांना मारायला निघालेल्या नातवाचं गणित या अटीत बसवलं तर उत्तर अर्धं-अर्धं येतं. निम्म्या जगांत नातू उगवतो आणि डाव साधतो, उरलेल्या निम्म्यांत तो निघतो पण कोणाला येताना दिसत नाही. ‘एंडगेम’मध्ये टोनी स्टार्क (आयर्न मॅन) घाईघाईत ‘डॉइच प्रपोझिशन’ असं काहीतरी बडबडतो ना, तो शब्द फेकलेला नाही, तो हाच डॉइच. पण या पक्षातही टीव्हीए बसत नाही. इथे फांदी हा गुन्हा नाही, फांद्या सतत फुटतच असतात. मालिकेने दोन्ही पक्षांतलं सोयीचं तेवढं उचललं, आणि प्रेक्षकांना जे खुपत होतं ते हेच.

आता पॉम्पे, ज्वालामुखीने गाडलेलं ते रोमन शहर. दुसऱ्या भागात लोकीला सुचतं की महाप्रलयाच्या ठिकाणी लपलं तर टीव्हीएला पत्ता लागणार नाही, कारण तिथे काहीही केलं तरी लगेच सगळं नष्टच होणार आहे. हे तो टीव्हीएच्या मोबियस या तपास अधिकाऱ्याला त्याच्याच सॅलडची नासाडी करून समजावतो. मग दोघं इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी जातात. लोकी गाडीतल्या शेळ्या सोडून देतो, लॅटिनमध्ये आरडाओरडा करून सांगतो की मी भविष्यातून आलोय, तुम्ही सगळे मरणार आहात. काळातली ढवळाढवळ टिपणारं मोबियसच्या हातातलं यंत्र शांत राहतं. सिद्धांत खरा ठरतो, प्रेक्षक खूश.

मलाही तो प्रसंग आवडतो, पण शेळ्यांचं गणित चुकलं आहे. एक तर पॉम्पेत सगळे मेले नाहीत. आजवरच्या उत्खननात अकराशेच्या वर माणसांचे अवशेष मिळाले आहेत आणि सुमारे एक तृतीयांश शहर अजून खणायचं आहे, तरी लोकसंख्येचा अंदाज त्याच्या कितीतरी पट आहे. पुष्कळ लोक वेळीच बाहेर पडले. त्यातल्या एकाने जरी त्या विचित्र कपड्यातल्या माणसाचं ओरडणं ऐकलं असेल, तरी गोष्ट बाहेर गेली.

दुसरा मुद्दा याहून अवघड. १९६१ च्या हिवाळ्यात एमआयटीमध्ये एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचं एक सोपं प्रारूप चालवत होता. एक भाग पुन्हा तपासायचा म्हणून त्याने छापील कागदावरचे आकडे मधूनच भरले आणि तो कॉफी प्यायला गेला. परत येऊन पाहतो तर प्रारूपातल्या दोन महिन्यांचं हवामान पार वेगळं निघालेलं. संगणकाच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर जागा वाचवायला छापला होता ०.५०६. दशांशाच्या चौथ्या घरात एवढासा फरक. लोकीच्या हाकेने हवेचे रेणू याहून जास्त हलले असतील. ज्वालामुखीच्या राखेपुढे हाकेची काय किंमत, असं वाटतं खरं, पण अशा व्यवस्थेत मोठा धक्का छोट्या फरकाला पुसून टाकत नाही, तो फरकही वाढतच जातो. काही आठवड्यांत भूमध्य समुद्रावरचा पाऊस वेगळा, मग पीक वेगळं, जहाजांच्या वेळा वेगळ्या, कोण कोणाला भेटलं ते वेगळं. मोबियसचं यंत्र ठणाणा करायला हवं होतं.

की नको होतं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या बिन यान आणि निकोलाय सिनित्सिन यांनी दाखवलं की क्वांटम जगात उलटं घडू शकतं. त्यांनी आयबीएमच्या क्वांटम संगणकावर गणनेच्या पायऱ्या उलट्या क्रमाने चालवल्या, तिथल्या ‘भूतकाळात’ एक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक, बिघडवला आणि पुन्हा ‘वर्तमानात’ आले. माहिती बरीचशी शाबूत होती. ती सगळ्या क्यूबिटांच्या परस्परसंबंधांत इतकी पसरलेली असते की एका जागचा घाव तिला फारसा लागत नाही. हा काही काळप्रवास नव्हे, आणि शेळ्या क्यूबिट नसतात. पण लोकीच्या वकिलाला कोर्टात फडकवायला कागद मिळाला.

मालिकेतलं खरं खणखणीत भौतिकशास्त्र मात्र दुसऱ्या पर्वात, एका पुस्तकात आहे. १८६८ च्या शिकागोत रॅव्होना एका गरीब पोराच्या खिडकीतून टीव्हीएचं माहितीपुस्तक आत टाकते. तो पोरगा, व्हिक्टर टाइमली, ते वाचून संशोधक होतो. पुढे त्याची गाठ पुस्तक लिहिणाऱ्या ओ.बी.शी पडते. टाइमली म्हणतो, माझं सगळं काम तुमच्या पुस्तकावर उभं आहे. ओ.बी. म्हणतो, अहो, माझं पुस्तक तुमच्या कामावर उभं आहे. दोघं एकमेकांकडे कौतुकाने बघत राहतात. मग त्यातला मजकूर सुचला कोणाला?

कोणालाच नाही. अशा अनाथ गोष्टींना लोसेव्ह आणि नोविकोव्ह यांनी १९९२ मध्ये ‘जिन’ असं नाव दिलं आणि त्यांचे दोन प्रकार केले. वस्तूच जर चक्रात फिरत राहिली तर प्रत्येक फेरीला ती झिजणार, आणि तरी फेरीच्या सुरुवातीला पुन्हा कोरी हवी, म्हणून बाहेरून ऊर्जा घेऊन तिची डागडुजी व्हावी लागते. ओ.बी.चं पुस्तक दुसऱ्या प्रकारचं: प्रत नवी छापलेली, फिरते ती फक्त माहिती. तर्काने यात एकही चूक काढता येत नाही. आजोबा जिवंत, चेंडू जागच्या जागी.

तरी डॉइचला असली चक्रं पटत नव्हती. ज्ञान हे प्रयत्नांतून, चुका गाळत तयार होतं. फुकटात अवतरलेलं ज्ञान त्याला आजोबांच्या खुनापेक्षा मोठं संकट वाटलं. म्हणून त्याने एक जादा नियम सुचवला: अनेक सुसंगत उत्तरं असतील तर त्यातलं सगळ्यात जास्त एन्ट्रॉपीचं, म्हणजे सगळ्यात विस्कटलेलं, निसर्ग निवडेल. या नियमाने शिकागोच्या पोराच्या हाती जे पुस्तक पडलं असतं त्यात बहुधा अक्षरांचा नुसता चिवडा असता, आणि टाइमलीने ते चुलीत घातलं असतं.

९ नोव्हेंबर २०२३ च्या अखेरच्या भागात लोकी शतकानुशतकं भौतिकशास्त्र शिकतो, कारण काळाचे धागे विणणारा टीव्हीएचा माग अनंत फांद्यांचा भार पेलू शकत नाही. शेवटी तो माग मोडतो आणि सगळ्या फांद्या स्वतःच्या हातांनी धरून एकटा सिंहासनावर बसतो. पहिल्या पर्वात नियमांचा कीस पाडणाऱ्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी इथे डोळे पुसले आणि काही विचारलं नाही. विचारायला जागा होती. क्वांटम यामिकीचं मूळ समीकरण, श्रोडिंजरचं, रेषीय आहे. त्यातल्या एका फांदीचं ओझं दुसरीवर पडत नाही. दहा असोत की अनंत, त्यांना ना माग लागतो ना राखणदार. एव्हरेटच्या हिशोबाने लोकीने हात सोडून खुशाल घरी जावं.