दात काढायच्या आधी गोळी घ्यायची की नाही? डेंटल गाइडलाइन्समागची गोष्ट

हार्टचा पेशंट दात काढायला आला की आधी अँटिबायोटिक द्यायचं का, हा प्रश्न आमच्या इंदूरच्या क्लिनिकमधे सारखा येतो. रामबागेतल्या एखाद्या काकू जाडजूड फाइल घेऊन येतात, लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हर (घशाच्या इन्फेक्शननंतर येणारा, हृदयाला धक्का लावणारा ताप) होऊन गेलेला, हृदयाचा व्हॉल्व्ह म्हणजे झडप थोडी अधू, आणि विचारतात, "अहो, एक डॉक्टर म्हणतात गोळी घ्याच, दुसरे म्हणतात काही गरज नाही, आम्ही ऐकायचं कोणाचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. कोणाचं ऐकायचं हे ठरवता यावं म्हणूनच तर गाइडलाइन्स आल्या, आणि त्या यायच्या आधी काय चालायचं ते कळलं की त्यांचं महत्त्व पटतं.

१९१० मधे विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात माँट्रियलला भाषण दिलं की सोन्याच्या कॅप आणि ब्रिजखाली दडलेलं इन्फेक्शन हे अंगभरच्या आजारांचं मूळ आहे. माणूस मोठा, भाषण जोरदार, झालं! पुढची दोन-तीन दशकं सांधे दुखतात म्हणून, थकवा जात नाही म्हणून लोकांचे चांगले दात उपटले गेले, अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात तर हेन्री कॉटन यांनी मानसिक आजार बरा करायला दात काढले. कोणी मोजून बघितलंच नव्हतं ना! रसेल सेसिल हे संधिवाताचे नावाजलेले डॉक्टर आधी स्वतः याच मताचे होते, पण १९३८ साली त्यांनी आणि अँजेव्हाइन यांनी २०० पेशंटचा हिशोब मांडला आणि दात किंवा टॉन्सिल काढून सांधे बरे होत नाहीत असं सरळ लिहून टाकलं. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं, स्वतःचं मत चुकलं हे छापून सांगायला हिंमत लागते.

आता गोळीचं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मधे पहिल्यांदा सांगितलं की हृदयाच्या ठरावीक पेशंटना दातांच्या ट्रीटमेंटआधी पेनिसिलिन द्या, कारण दात काढताना जंतू रक्तात जातात आणि खराब व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. तर्क पटण्यासारखा होता, पण आधार म्हणाल तर मुख्यतः तज्ज्ञांचं मत. मग दर काही वर्षांनी डोस बदलत गेले. १९९० मधे पेनिसिलिनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन आधी ३ ग्रॅम आणि सहा तासांनी आणखी दीड ग्रॅम, १९९७ मधे फक्त आधी २ ग्रॅम.

तोवर मेडिसिनमधे वारं बदललं होतं. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७२ मधे विचारलं होतं की आपण जे उपचार करतो ते खरंच लागू पडतात का हे ट्रायल करून बघितलंय कोणी? १९९३ मधे त्यांच्या नावाने कॉक्रन कोलॅबरेशन ही उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था सुरू झाली, तिकडे कॅनडात मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत सॅकेट आणि गायट यांची मंडळी एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन, म्हणजे पुराव्यावर आधारलेले उपचार, शिकवत होती, आणि दातांसाठीचा कॉक्रनचा ग्रुपही नव्वदीतच उभा राहिला. गाइडलाइन करायची पद्धतच बदलली, म्हणजे आधी प्रश्न नेमका ठरवायचा, मग जगभरचे सगळे अभ्यास शोधायचे, आपल्याला आवडतात तेवढेच नाही, प्रत्येकाचा कस लावायचा, कोणत्या मेंबरचे कोणत्या कंपनीशी संबंध आहेत ते उघड करायचं, शिफारस किती पक्की आहे तेही लिहायचं आणि काही वर्षांनी परत तपासायचं. ब्रिटनच्या नाइस या गाइडलाइन्स काढणाऱ्या संस्थेने २००० मधे सांगितलं की त्रास नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नका, ते याच पद्धतीने.

गोळीचा प्रश्नही या चाळणीतून गेला. रोज ब्रश करताना, जेवताना सुद्धा जंतू रक्तात जातातच, मग वर्षातून एखाद्या ट्रीटमेंटपुरती गोळी घेऊन कितीसा फरक पडणार? २००७ मधे अमेरिकन हार्ट असोसिएशनने गोळी कोणाला द्यायची ती यादी एकदम छोटी केली: कृत्रिम व्हॉल्व्ह, आधी हृदयाला असं इन्फेक्शन झालेले, जन्मजात हृदयदोषातले काही प्रकार आणि हार्ट ट्रान्सप्लांटनंतर व्हॉल्व्ह बिघडलेले. २००८ मधे नाइसने तर त्याही पुढे जाऊन गोळी नकोच म्हटलं, २०१५ मधे ब्रिटनमधे हृदयाच्या या इन्फेक्शनच्या केसेस वाढल्याचा अभ्यास आला, गोळी थांबवल्यामुळेच वाढल्या हे त्यात सिद्ध झालं नाही, आणि २०१६ मधे 'सरसकट देऊ नये' अशी वाक्यात दुरुस्ती झाली. दोघा डॉक्टरांची उत्तरं वेगळी का येतात ते यात आलंच.

पण ऱ्हुमॅटिक व्हॉल्व्ह त्या छोट्या यादीत नाही, आणि आपल्याकडे तर तोच आजार जास्त! ऑस्ट्रेलियाने २००८ मधे यादी छोटी करताना तिथल्या आदिवासी जनतेतले ऱ्हुमॅटिक हार्टचे पेशंट मुद्दाम आत ठेवले, कारण त्यांच्यात हा आजार खूप. परदेशी गाइडलाइन जशीच्या तशी उचलायची नसते ती अशी. काकूंसारख्यांना मी म्हणूनच त्यांच्या कार्डिओलॉजिस्टशी बोलल्याशिवाय हो किंवा नाही सांगत नाही, आणि हिरड्या मात्र स्वच्छ करून घ्यायला लावतेच.

आपल्याकडे स्वतःचा पुरावा उभा करण्याची ताकद नाही असं मात्र कोणी म्हणू नये. सुपारी-गुटख्याने तोंड आखडतं त्या सबम्युकस फायब्रोसिसचं वर्णन भारतात १९५३ मधे डॉ. जोशी यांनी केलं. तिरुअनंतपुरमला १९९६ पासून १३ विभागांत एक मोठी ट्रायल झाली, ट्रेनिंग दिलेले आरोग्यसेवक घरी जाऊन नुसतं तोंड उघडून बघायचे, आणि २००५ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे निष्कर्ष आला की तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. तोंडाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगची चर्चा जगात कुठेही असो, या ट्रायलचं नाव निघतंच.

मध्य प्रदेशने २०१२ मधे गुटखाबंदी केली, तरी आखडलेली तोंडं आमच्या खुर्चीवर येतातच. म्हणून दाढ दुखते म्हणून आलेल्या पेशंटचीही मी आधी तीन बोटं उभी त्याच्याच तोंडात घालायला लावते, जात नसतील तर टॉर्च घेऊन गालाच्या आतली पांढुरकी, चामड्यासारखी कडक झालेली त्वचा आणि जिभेच्या कडा बघते, दाढेचा नंबर त्यानंतर.