चित्रकलेच्या तासाला टॅब: थोडी पार्श्वभूमी

समोरची वस्तू न्याहाळून जशीच्या तशी कागदावर उतरवण्याचं पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण पुण्यात आलं ते थेट पेशवाईत. पेशवे दरबारातले इंग्रज प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने १७९०च्या दशकात सवाई माधवरावांच्या दरबाराच्या आश्रयाने इथे चित्रशिक्षण सुरू झालं. त्यात तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची रेखाचित्रं काढली. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं १८५७ मध्ये, म्हणजे बरंच नंतर.

शाळांमधल्या चित्रकलेला मात्र आकार दिला तो परीक्षेने. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा म्हटलं की वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पेन्सिल, पट्टी, जलरंग हे साहित्य ठरलेलं, आणि ड्रॉईंगच्या सरांचा तासही त्याच बेताने आखलेला.

टॅबचा वंश वेगळा. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ या संगणक प्रणालीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढून दाखवली. पुढच्याच वर्षी रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने संगणकाला जोडलेली, लेखणीने लिहिण्याची पाटी पुढे आणली, आणि १९८०च्या दशकात अमेरिकी शाळांना परवडेल असा ‘कोआलापॅड’ हा संगणकाला जोडायचा चित्रफलक निघाला. आपल्याकडे मात्र संगणक शाळेत आला तो ‘संगणक’ हा वेगळा विषय म्हणून. पेंटमध्ये माउसने झोपडी, डोंगर आणि सूर्य काढणं ही त्या तासातली विरंगुळ्याची पाच मिनिटं. माउसने कुणाला धड गोल काढता आला असेल, तर त्याला साष्टांग दंडवत!

२०१० मध्ये आयपॅड आला आणि डेव्हिड हॉकनींसारख्या नामवंत चित्रकाराने तो हाती घेतल्यावर त्याची कलेतली पत वाढली. पण किंमत सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या आवाक्यातली नव्हती. २०११चा स्वस्त सरकारी टॅब ‘आकाश’ मुळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याचा पडदा दाबावा लागणारा. बोट सहज फिरवून रेघ उमटेल, ही अपेक्षाच चुकीची. चित्रकलेला लागतं ते लेखणीचा दाब ओळखणारं आणि टेकलेल्या तळहाताकडे दुर्लक्ष करणारं उपकरण. ही सोय महागड्या टॅबपुरतीच बराच काळ राहिली.

मार्च २०२०नंतर शाळा बंद झाल्या आणि घरोघरी पडदे आले. तरी मुलं चित्र काढत राहिली कागदावरच. फोटो काढून तो व्हॉट्सअ‍ॅपवर सरांना पाठवायचा, एवढंच नवं. पडदा कॅनव्हास झालाच नाही, टपालपेटी झाला.

याचं कारण पुन्हा परीक्षेतच सापडतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, आणि ती परीक्षा आजही कागदावरच होते. रंग पसरला तर तिथे ‘अनडू’ नाही. गुणांचा हिशेब करणारे पालक सातवी-आठवीत मुलाला रंगपेटीच घेऊन देणार. टॅबवरचं रेखाटन मग सुट्टीतल्या छंदवर्गावर किंवा दहावीनंतरच्या अ‍ॅनिमेशन अभ्यासक्रमावर ढकललं जातं.