फेरिटिन ‘नॉर्मल’, मग दम का लागतो?

पुण्यात आता पेठेपेठेत ‘फुल बॉडी चेकअप’चे बोर्ड आहेत. त्यातल्या एखाद्या रिपोर्टात असंही दिसतं: वजन जास्त, हिमोग्लोबिन कमी (म्हणून दम लागतो), फेरिटिन मात्र ठीक. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन. मग घरचे म्हणतात, खाऊन-पिऊन सुखी माणसाला कसली आलीय लोहाची कमतरता?

पण येते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि 24 टक्के स्त्रियांचं वजन जास्त आहे. एकाच बाईला दोन्ही असू शकतं.

पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. ती फुगली की तिच्यात रोगप्रतिकारक पेशी शिरतात आणि आयएल-6सारखी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. ताप नाही, दुखणं नाही, पण अंगात सौम्य दाह (इन्फ्लमेशन) कायमचा मुक्कामाला येतो. त्या इशाऱ्यावर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. आतड्याच्या पेशींमधून रक्तात लोह सोडणारं फेरोपोर्टिन हे दार हेप्सिडिन बंद करतं. म्हाताऱ्या लाल पेशी मोडून मिळणारं लोहही मग साफसफाई करणाऱ्या पेशींमध्येच अडकतं. कोठार भरलेलं, पण किल्ली भलत्याच माणसाच्या कमरेला! एरवी जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीर हीच युक्ती वापरतं; इथे जंतूच नाहीत.

त्यात दाहामुळे फेरिटिनही वाढतं, म्हणून रिपोर्ट चकवतो. निरोगी प्रौढांत फेरिटिन मिलिलिटरमागे 15 नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर लोह कमी समजतात. दाह किंवा संसर्ग असेल तर हीच रेषा 70वर धरावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे 40चा आकडा कुणाला ठीक, कुणाला नाही. सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, केल्याशिवाय ते कळायचं कसं?

लोह आणि दाह या दोन्हींशी नातं असलेलं दुसरं नाव म्हणजे सेलेनियम. 1817 साली स्वीडनच्या बर्झेलियसने शोधलेलं हे मूलद्रव्य आपल्याला रोज जेमतेम 40 ते 55 मायक्रोग्रॅम लागतं. माणसाच्या शरीरात सेलेनियमयुक्त प्रथिनं बनवणारी 25 जनुकं आहेत. त्यांतली ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची मंडळी पेशींचा ऑक्सिडीकरणापासून बचाव करतात. मोकळं लोह पेरॉक्साइडशी भिडलं की पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात, म्हणून लोह जिथे साचतं तिथे हे पहारेकरी जास्त हवेत. सेलेनियम कमी पडलं की लाल पेशींचं आवरण लवकर बिघडतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात सेलेनियम कमी असल्याचं बऱ्याच पाहण्यांत आढळलं, आणि गोळ्या विकणाऱ्यांना तेवढं पुरतं. पण दाह असला की रक्तातलं सेलेनियमही घसरतं. म्हणजे आकडा कमी आहे म्हणून दाह झाला, की दाह आहे म्हणून आकडा कमी? माझ्या मते दोन्ही थोडंथोडं खरं असावं, पण नुसत्या पाहणीवरून कारण ठरत नाही.

पुणेकरांनी यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! त्यामुळे ‘मी कुठे लठ्ठ आहे’ म्हणताना वजनकाट्यापेक्षा कंबरेची टेप बरी.

सेलेनियमसाठी मासे, अंडी, डाळी, गहू आहेतच. मात्र धान्यातलं प्रमाण शेताच्या मातीवर ठरतं. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही पट्ट्यांत ते इतकं जास्त आहे की गुरांना त्याची बाधा होते. मार्केट यार्डात मध्य प्रदेशातून येणाऱ्या सिहोर गव्हात ते किती, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. ब्राझील नट हल्ली इथेही मिळतो. त्याच्या एकाच बीत दिवसभराची गरज भागू शकते, तेव्हा मूठभर खाऊ नये. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023मध्ये प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा 255 मायक्रोग्रॅम ठरवली. ती सतत ओलांडली तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. पुरेसं सेलेनियम असलेल्यांनी रोज 200 मायक्रोग्रॅमची गोळी घेतल्यावर एका अमेरिकी चाचणीत मधुमेह वाढलेला दिसला होता.

लोहाची गोळी मात्र डॉक्टरांनी दिली असेल तर घ्यावी, पण जेवणानंतरच्या चहाबरोबर नको. चहातली टॅनिनं लोह धरून ठेवतात. आणि पुढच्या वेळी फेरिटिन करताना त्याच नमुन्यातून सीआरपीही करायचं का, हे डॉक्टरांना विचारावं.