बाजूला ठेवलेले फोटो कुठल्या शेतातले?

‘पानाचा फोटो काढा, रोग ओळखा’ असं सांगणारी ॲप्स सोयाबीन पिवळं पडू लागलं की मराठवाड्यात मोबाईलवर फिरायला लागतात. लाखो फोटोंवर शिकवलेलं एआय, हा त्यांचा दावा. जितकं जास्त शिकवलं तितकं ते हुशार, असं ऐकणाऱ्यालाही वाटतं. प्रत्यक्षात या एआयच्या आत असलेल्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती रचनेला, शिकवतच राहिलं तर ते बहुतेकदा बिघडतं. ते का बिघडतं, हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

समजा, आपल्याकडे हजारो पानांचे फोटो आहेत. काही पानांवर पिवळा मोझॅक आहे, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो विषाणू. काहींत नुसती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या जमिनीत नेहमी दिसणारी. तिच्यात कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नेटवर्क प्रत्येक फोटोवर अंदाज करतं, त्याची चूक मोजली जाते आणि ती कमी होईल अशा दिशेने त्याच्या आतले आकडे किंचित सरकवले जातात. सगळे फोटो एकदा पाहून झाले की एक एपॉक संपतो.

आता गंमत बघा. ‘शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा’ ही खूण शेकडो फोटोंत आहे. ते सगळे फोटो आतल्या आकड्यांना एकाच दिशेला ढकलतात, जोर एकवटतो. पण एका फोटोत कुणाचा अंगठा आलाय, दुसऱ्यात सावली पडलीय, तिसऱ्यावर कुणीतरी लोहाऐवजी चुकून मोझॅक लिहिलंय. यांची ओढ वेगवेगळ्या दिशांना असते, ती बरीचशी आपसातच कटते. म्हणून खरी खूण आधी शिकली जाते. ती शिकून झाली की त्या शेकडो फोटोंवर चूक फारशी उरत नाही आणि त्यांचा धक्का मंदावतो. मागे राहते ती अंगठ्यांची, सावल्यांची, चुकीच्या नोंदींची चूक. तरीही शिकवणं चालू ठेवलं तर नेटवर्क तीही एकेक करून पाठ करतं आणि नव्या फोटोंवर चुकू लागतं. पाठ करण्याची ही ताकद अफाट आहे. २०१६ मध्ये चियुआन झांग आणि सहकाऱ्यांनी फोटोंना वाट्टेल ती नावं चिकटवली, तरी नेटवर्कने ती सगळी घोकून टाकली.

म्हणून काही फोटो शिकवण्यातून वगळून बाजूला ठेवतात. त्यांच्यावरची चूक आधी घटते, मग चढू लागते, तिथे थांबायचं. आलेख खालीवर होतो, त्यामुळे काही एपॉक वाट पाहतात आणि सर्वांत कमी चूक होती तेव्हाचे आकडे जपून ठेवतात. लुट्झ प्रेशेल्ट यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२९६ वेळा शिकवून पाहिलं. जास्त धीर धरल्याने कामगिरी सरासरी ४ टक्क्यांनी सुधारली, वेळ मात्र चौपट लागला.

पण बाजूला ठेवलेले फोटो त्याच शेतातले असतील तर? मग मागची जमीन तीच, उजेड तोच. नेटवर्क पानाऐवजी जमीन ओळखायला शिकलं, तरी बाजूच्या फोटोंवरची चूक घटतच राहणार आणि थांबायची सूचना मिळणारच नाही. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी पिकांच्या पानांच्या ५४,३०६ फोटोंवर काम केलं. त्याच संग्रहातून वगळलेल्या फोटोंवर अचूकता ९९.३५ टक्के आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तीच ३१.४ टक्के झाली. जाहिरातीत पहिल्यासारखाच आकडा येतो, आणि लोक तो देवाचा कौल मानतात. लोह कमी असलेल्या सोयाबीनला हिराकसाची फवारणी हवी असते. तिथे पांढऱ्या माशीचं औषध मारून काहीच उपयोग नाही.

लातूरच्या फोटोंवर शिकवायचं असेल तर कधी थांबायचं हे परभणी-हिंगोलीच्या शेतांतल्या फोटोंवर ठरवावं. आणि अचूकतेचा आकडा त्यांच्यावरूनही सांगू नये, कारण थांबायची वेळ त्यांनाच बघून निवडलेली असते. त्यासाठी बीडचे फोटो शेवटपर्यंत उघडायचेच नाहीत.