पानावरचं घड्याळ मागे का पडतं?

मुलांना सराव परीक्षा देता यावी म्हणून मी एक वेबपान तयार केलं होतं. कोपऱ्यात ३० मिनिटांपासून उलटं मोजणारं घड्याळ. त्यामागचा कोड अगदी साधा. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतल्या सेटइंटरव्हलला सांगायचं, ‘हे फंक्शन (कोडचा छोटा तुकडा) दर १००० मिलिसेकंदांनी चालव’, आणि फंक्शनने दर वेळी उरलेल्या सेकंदांतून एक वजा करायचा.

एका मुलीने घड्याळात २५:०० असताना दुसऱ्या टॅबमध्ये सूत्रांची पीडीएफ उघडली आणि १५ मिनिटं ती वाचत बसली. परतल्यावर घड्याळात १०:०० दिसायला हवं होतं. दिसत होतं १९:५०.

चूक माझ्या समजुतीत होती. १००० हा आकडा म्हणजे ‘बरोबर एका सेकंदाने’ असं मी धरून चाललो होतो. खरा अर्थ ‘एका सेकंदाच्या आधी नाही’ एवढाच. पानावरचं जावास्क्रिप्ट एकाच तव्यावर चालतं, एका वेळी एकच पोळी. वेळ भरली की ब्राउझर आपलं फंक्शन फक्त रांगेत लावतो. तव्यावर आधीचं काम तीन सेकंद अडून बसलं, तर आपल्यालाही तीन सेकंद थांबावं लागतं. आणि मधले हुकलेले ठोके, म्हणजे फंक्शनच्या फेऱ्या, नंतर कोणी भरून देत नाही! माझं घड्याळ तर ठोकेच मोजत होतं.

त्यात टॅब नजरेआड गेला की ब्राउझर बॅटरी वाचवायला हात आखडता घेतो. आधी सेकंदाला जास्तीत जास्त एक ठोका. मग क्रोममध्ये, जानेवारी २०२१मध्ये आलेल्या ८८व्या आवृत्तीपासून, पान पाच मिनिटं लपलेलं आणि मुकं (आवाज न करणारं) असेल तर मिनिटाला एकच ठोका. आता त्या मुलीचा हिशेब लावून बघा. पहिल्या पाच मिनिटांत ३०० ठोके, पुढच्या दहा मिनिटांत फक्त १०. एकूण ५ मिनिटं १० सेकंद. म्हणून १९:५०. इतका चोख हिशेब जुळला तेव्हा मला फार आनंद झाला.

ब्राउझरचं हे वागणं मला योग्यच वाटतं. नजरेआड पडलेल्या वीस टॅबांनी फोन तापवत का ठेवावा? दुरुस्ती आपल्या बाजूने करायची. ठोके मोजायचेच नाहीत. सुरुवातीला संपण्याची वेळ नोंदवून ठेवायची आणि प्रत्येक ठोक्याला डेट-नाऊला ‘आत्ता किती वाजले?’ असं विचारून वजाबाकी करायची. ठोका उशिरा पडला तरी उत्तर बरोबर येतं. अर्थात संगणकाचं घड्याळ कोणीही मागे करू शकतं, त्यामुळे खऱ्या परीक्षेची वेळ सर्व्हरनेच मोजावी.

फंक्शनचं काम कधी लांबणारं असेल, जसं नेटवरून काही मागवणं, तर सेटइंटरव्हल नकोच. काम संपल्यावर सेटटाइमआउटने, म्हणजे ठरलेल्या वेळानंतर एकदाच चालवणाऱ्या सोयीने, पुढची फेरी लावावी, म्हणजे एकावर एक मागण्या साचत नाहीत. आणि सेटइंटरव्हल जो क्रमांक परत देतो तो जपून ठेवावा. ठोके थांबवणाऱ्या क्लिअरइंटरव्हलला तोच द्यावा लागतो, नाहीतर परीक्षा संपली तरी घड्याळ शून्याखाली उतरत राहतं.

कोड बदलल्यावर मी स्वतः २५:०० ला पान सोडलं, १५ मिनिटं पीडीएफ वाचली आणि परत आलो. क्षणभर जुना आकडा दिसला आणि पुढच्या ठोक्याला घड्याळ थेट ९:५९ वर आलं.